मोलकरणीचा पत्ता

इन्नेस, १४ जानेवारी १९७२

मिकाल,

अक्षर ओळखलंस का? ओळी आता वाकड्या जातात, पण मोठ्या अक्षरांच्या शेपट्या मी अजून मास्तरांनी शिकवल्या तशाच ओढतो, आणि या किनाऱ्यावर तशा ओढणारे आता दोघेच उरलेत. दुसरा तू.

लहानपणी मी तुला दादा म्हणायचो. पुढे कोर्टात ‘तक्रारदार’ म्हणायला शिकलो. आज नुसतं मिकाल लिहितो. या दोन शब्दांच्या मधला शब्द मला सापडत नाही.

चाळीस वर्षं आपण एकाच खाडीच्या दोन काठांवर काढली. तुझ्या चुलीचा धूर मला दिसतो, माझा तुला. सकाळी पाण्यावर धुकं उतरलं की वाटतं तुझा काठ नाहीच, आणि मला फार बरं वाटतं. मग धुकं विरतं आणि तुझं पांढरं घर पुन्हा तिथंच.

काल दुकानात तुझी यादी आली. टोमास दुकानदारानं ती गल्ल्यावर ठेवली आणि मला बघून तिच्यावर चक्क चीज ठेवलं.

“काय लपवतोस?” मी म्हटलं.

“काही नाही, काका. ते प्रार्थनाघराचं आहे. संसदेत ते कलम काढून टाकायला निघालेत ना... लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्यांचं. ते काढू नका म्हणून सह्या.”

“मग आण की.”

“तुम्ही? पहिली सही कुणाची आहे ठाऊक आहे का?”

“म्हणून तर म्हणतो आण.”

तुझ्या नावाखाली जागा होती. मी सही केली. गुन्वोर म्हातारी कॉफीचा पुडा छातीशी धरून बघत राहिली. “एलिंग, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना रे?” म्हणाली. “त्याच कायद्यानं तुझं घर मोडलं आणि तू...”

“डोकं आयुष्यात पहिल्यांदा ठिकाणावर आलंय,” मी म्हटलं.

आजकाल दुकानात देशानं युरोपच्या सामायिक बाजारपेठेच्या करारात सामील व्हावं की नाही यावर भांडणं चालतात, तीसुद्धा थांबली.

तर, मिकाल, तुझ्या यादीवर तुझ्याखाली माझी सही आहे. तुला कायदा हवा आहे कारण तो पवित्र शास्त्रात आहे. मला हवा आहे कारण त्याच्याकडचं माझं काम अजून व्हायचंय. ज्या सुरीनं माझं बोट कापलं, ती मोडीत जायच्या आधी एकदा मला माझ्या मुठीत धरायची आहे.

कुणावर धरणार, म्हणशील. तुझ्या माडीवर दोन खोल्या आहेत. डावीकडची तुझी, उजवीकडची तुझ्या घरकाम करणाऱ्या सेवेरिनेची, असं तुझं अख्खं सोलविक गाव सांगतं. मी ह्या काठावरून छप्पर बघतो. डावीकडचा बर्फ पडला की लगेच घसरतो, कारण खाली शेगडी आहे आणि माणसं आहेत. उजवीकडचा बर्फ वसंतापर्यंत पांढराशुभ्र बसून राहतो. त्या खोलीत बारा हिवाळे कुणी झोपलेलं नाही.

छपरं खोटं बोलत नाहीत. त्यांना शास्त्र पाठ नसतं.

एलिंग


इन्नेस, ६ फेब्रुवारी

मिकाल,

उत्तर नाही. ठीक. तू गप्प बसलास की तुझं बरोबर असतं, ही तुझी जुनी समजूत.

आज खाडीचं पाणी इतकं स्थिर होतं की तुझं घर त्यात उलटं उभं होतं, आणि मला मास्तरांची ती कविता आठवली. त्यांनी स्वतः केलेली, कुठल्या पुस्तकात नसलेली, दर वर्षी परीक्षेला सक्तीची:

एक काठ म्हणे दुसऱ्या काठाला,
मध्ये पाणी म्हणून आपण दोन;
पाणी आटले तर, सांग ना गड्या,
तू कोण आणि मी कोण?

तू पाचवीत असताना पाहुण्या पाद्र्यासमोर उभा राहिलास आणि तिसऱ्या ओळीनंतर अडकलास. कान लाल झाले होते तुझे. मी धाकट्यांच्या बाकावरून तोंडावर हात धरून शेवटची ओळ पुटपुटली, आणि तू ती इतक्या जोरात म्हणालास की खिडकीतला कावळा उडाला. घरी येताना तू मला तुझा गुळचट पाव दिलास. अख्खा.

त्या पावामुळेच, बहुधा, मी पुढं इतकी वर्षं मूर्खासारखा वाट बघत राहिलो की तू येशील.

मालेनेबद्दल तू कधी बोलू दिलं नाहीस. आता वाच. ती हेरिंग मासळी खारवायच्या हंगामात आली. मी पिंपं घडवायचो, ती पिंपं भरायची. तिच्या हातांना मिठानं चिरा पडलेल्या असत. संध्याकाळी ती त्यांत लोणी चोळत बसे आणि मी कविता म्हणत असे. तिला एकही पाठ होत नसे. “तूच म्हण,” म्हणायची, “माझ्या तोंडात मासळीचा वास आहे, कविता पळून जाईल.” तिचा नवरा अमेरिकेला गेला तो गेलाच. पत्र नाही, पैसा नाही, मेल्याची बातमीही नाही. घटस्फोटाचे कागद नवऱ्याला शोधत या कचेरीतून त्या कचेरीत फिरत होते. तोवर आम्ही नावेच्या कोठारावरच्या खोलीत राहिलो. कुणाला काही त्रास नव्हता. खारवण्याच्या शेडमधल्या बाया तिला “पिंपवाल्याची” म्हणायच्या आणि हसायच्या, एवढंच.

मग तू माझ्या कारखान्याच्या दारात उभा राहिलास, टोपी हातात. तुझे शब्द मला पाठ आहेत. पाठांतर माझं चांगलं होतं.

“एलिंग,” तू म्हणालास, “शेताला दगडी कुंपण नसलं की मेंढ्या शिरतात. दोष मेंढ्यांचा नसतो. ज्यानं कुंपण घातलं नाही त्याचा असतो. देवाच्या आज्ञेला राज्यानं कुंपण घातलंच पाहिजे, नाहीतर उद्या कुणाचंच शेत राहणार नाही.”

“आणि कुंपणावर फौजदार बसवायचा?”

“त्याशिवाय कुंपण म्हणजे नुसते दगड.”

“मालेने मेंढी का?”

“तू मेंढी,” तू म्हणालास, आणि तुझ्या डोळ्यांत पाणी होतं.

तेच मला अजून गिळवत नाही. तू रागानं केलं असतंस, हेव्यानं केलं असतंस, तर मी केव्हाच माफ केलं असतं. तू प्रेमानं केलंस. प्रेमानं पोलिसात गेलास.

फौजदारानं ताकीद दिली. आम्ही वेगळे झालो नाही. कोर्टात न्यायाधीशांनी तुला विचारलं, या दोघांच्या राहण्यानं तुम्हाला धक्का बसला का? तू म्हणालास, “माझी झोप उडाली आहे, साहेब.” मी तुझ्याकडे बघत होतो. मला वाटत होतं, आत्ता हा अडकेल, आणि मी मागून पुटपुटेन. पण तू अडकला नाहीस.

निकालात दोघांनाही शिक्षा होती. आधी मी आत गेलो. बाहेर आलो तेव्हा कॉफीची किटली धुऊन पालथी घातलेली होती, माझे सदरे घडी करून ठेवलेले होते, आणि मालेने उत्तरेकडच्या बोटीनं गेली होती. तिकडे मासे कापायच्या कामावर राहिली आणि पुढच्याच्या पुढच्या हिवाळ्यात न्यूमोनियानं संपली. मला कळवलं एका अनोळखी बाईनं.

मोशेच्या ज्या पुस्तकांतून तू आमचं पाप काढलंस ना, त्यांतच लिहिलंय की ज्याला पर आणि खवले नाहीत असं पाण्यातलं काही खाऊ नये, आणि रक्त खाऊ नये. ऑगस्टात धक्क्यावर बसून खेकड्याचे पाय चोखताना तुला मी किती वेळा बघितलंय. आईच्या हातचे रक्त-पिठाचे गोळे तुला तूप घालून लागायचे. तेव्हा कुठं गेला होता फौजदार? देवाच्या कुठल्या आज्ञेला कुंपण घालायचं आणि कुठली उघडी ठेवायची, हे तुझं पोट ठरवत होतं की काय?

आणि आता सेवेरिने. तिचा नवरा हाउगेसुंदला जिवंत आहे, दारूत बुडालेला. कोर्टानं तिला रीतसर सोडवलंय. तू उद्या तिच्याशी लग्न करू शकतोस. पण घटस्फोटितेचं दुसरं लग्न म्हणजे व्यभिचार, असं तू आयुष्यभर प्रार्थनाघरात ओरडून सांगितलंस. म्हणून तू लग्न करत नाहीस. लग्नाचं पाप नको म्हणून बिनलग्नाचं करतोस, आणि तिला मोलकरीण म्हणतोस. वा!

तुला एक संधी देतो. मला जी कुणी दिली नाही. या महिन्यातल्या कुठल्याही रविवारी प्रार्थनाघरात उभा राहा आणि एवढंच म्हण: “मी माझ्या भावाच्या घरात फौजदार घातला, ते चुकलं.” बातमी मला ह्या काठावर पोचेल. नाही म्हटलंस, तर मी फौजदाराकडे जाईन. त्या कलमाचं मरण अजून व्हायचंय, आणि मरता मरता ते तुझ्या दारात यावं अशी माझी इच्छा आहे.

एलिंग


इन्नेस, २ मार्च

मिकाल,

तू बोललास म्हणे रविवारी. “तरुणांच्या स्वैराचाराबद्दल” बोललास. आणि सगळ्यांनी आमेन म्हटलं, आणि सेवेरिनेनं मागच्या खोलीत कॉफी ओतली.

म्हणून मी काल फौजदाराकडे गेलो. चांगला सदरा घातला. तो सदरा मी कोर्टात घातला होता त्या जातीचा, पांढरा, ताठ कॉलरचा. बोटीवर गुन्वोर भेटली. “कुणाचं लग्न?” म्हणाली. मी म्हटलं, “अजून ठरायचंय.”

आताचा फौजदार क्वोले नावाचा पोरगेला माणूस आहे. त्याच्या टेबलावर ट्रान्झिस्टर आणि अर्धा खाल्लेला वॉफल होता. मी काय सांगतोय ते त्याला आधी कळेना, मग कळलं तेव्हा त्यानं उठून दार लावलं.

“एलिंगकाका, हा कायदा मरायला टेकलाय हो. वसंतात गेलाच समजा.”

“मरायला टेकलेलं कुत्रं चावतं की नाही?”

“चावतं. पण...” त्यानं जाडं पुस्तक काढलं आणि बोट ठेवून वाचलं. “हे बघा. नुसतं एकत्र राहून भागत नाही. त्याचा उघड बोभाटा व्हायला हवा. लोकांना धक्का बसायला हवा. मग मी ताकीद द्यायची. ताकीद मोडली तर पुढं. आता सांगा, बोभाटा कुठाय? सोलविकमध्ये कुणी चकार शब्द काढत नाही.”

“आमचाही बोभाटा नव्हता. तक्रारीनं झाला.”

त्यानं पुस्तक मिटलं. मग म्हणाला, “बरं. तुम्हाला स्वतःला धक्का बसलाय असं लिहून द्या.”

“बसलाय.”

“कशाचा, नेमका?”

आणि मिकाल, तिथं मी अडकलो. मी, ज्याला सगळ्या कविता पाठ. मी तुझे शब्द घेऊन बघितले, ‘माझी झोप उडाली आहे’. पण माझी झोप उत्तम लागते. तुझ्या छपराच्या डाव्या बाजूचा बर्फ घसरलेला बघून तर फारच छान. दोन म्हातारी माणसं थंडीत एका पांघरुणात झोपतात, याचा धक्का मला कुठून आणायचा?

“काका, तुम्ही हसताय,” पोरगा म्हणाला.

“रडता येत नाही म्हणून.”

“हसणाऱ्या माणसाची तक्रार मी कशी घेऊ? विचार करून या. खरा धक्का बसला की या.”

मी बाहेर आलो आणि बोटीची वाट बघत धक्क्यावर बसलो. कळलं ते असं: तुझा कायदा चालवायला आधी तुझ्यासारखं व्हावं लागतं. दुसऱ्याच्या घरातल्या शेगडीपाशी जाऊन स्वतःचा आत्मा भाजून घ्यावा लागतो. मला ते जमलं नाही, याचा मला अभिमान नाही, संताप आहे. हत्यार माझ्या हातात आहे आणि मूठ तुझ्या मापाची.

पण सुटलास असं समजू नकोस. मी धक्का बसवून घ्यायचा सराव करीन.

एलिंग


इन्नेस, १९ मार्च

सेवेरिनेबाई,

पाकिटावर मिकालचंच नाव आहे, म्हणजे पोस्टमनला बोलायला काही मिळू नये. पण उघडणार तुम्हीच, हे आता मला कळलंय.

परवा तुम्ही दार वाजवलंत तेव्हा मी बटाटे सोलत होतो आणि हातात सुरी होती. तुम्ही सुरीकडे बघितलंत आणि म्हणालात, “ती माझ्यासाठी असेल तर आधी मला बसू द्या, गुडघे दुखतात.” या घरात बाईमाणूस असं बोलल्याला किती काळ झाला, मला आठवेना.

मग तुम्ही फडक्यातून लेफ्सा, त्या बटाट्याच्या पोळ्या, काढल्यात, लोणी साखर लावलेल्या, अजून मऊ, आणि म्हणालात, “भाऊजी म्हणू का? इथं कुणी ऐकत नाही.”

मी म्हटलं, “म्हणा.”

“तर भाऊजी, तुमची पत्रं तो फोडत नाही. अक्षर बघतो, लाकडांच्या पेटीमागे टाकतो. मी काढते आणि वाचते. छान लिहिता. ते छपराचं वाचून मी बाहेर जाऊन वर बघितलं. खरंच की! बारा वर्षं मी त्या घराचा जिना झाडतेय आणि माझ्या लक्षात आलं नाही.”

मला वाटलं तुम्ही गयावया करायला आलात. मी तयारीत होतो. नकार कसा द्यायचा ते ठरवून ठेवलं होतं. आणि तुम्ही काय म्हणालात?

“तक्रार करा.”

“काय?”

“करा म्हणते. प्रार्थनाघराची माणसं आली की मी स्वयंपाकघरात उभ्यानं जेवते. पाहुणा मुक्कामाला राहिला की गरम पाण्याची बाटली घेऊन त्या बर्फाच्या खोलीत जाऊन कुडकुडते, दार मुद्दाम वाजवून लावते. लग्न तो करणार नाही, शास्त्रात बसत नाही. नाव तो देणार नाही. देवाच्या वहीत मी नाही, चर्चच्या वहीत नाही, शेजाऱ्यांच्या तोंडात नाही. निदान फौजदाराच्या कागदावर तरी लिहिलेलं असू दे, मिकाल आणि सेवेरिने, एका ओळीत. तुरुंगात टाकायला का होईना, कुणीतरी आम्हाला जोडपं म्हणू दे.”

तुम्ही हे सांगत होतात आणि मी भिंतीकडे बघत होतो, कारण तुमच्याकडे बघवत नव्हतं. माझ्या निकालपत्रात असंच आहे हो. माझं नाव आणि तिचं, मध्ये फक्त ‘आणि’. दुसऱ्या कुठल्याच कागदावर आम्ही एकत्र नाही. मी ते कधी फाडलं नाही. का, ते मला परवा कळलं.

“मला धक्का बसवून घेता येत नाही,” मी कबूल केलं.

“तुम्हाला कशाला? मी बसवते. बारा वर्षांचा साठलाय.” आणि जाता जाता दारात थांबून: “त्यानं फौजदाराला खरं सांगितलं ना, भाऊजी, की ही माझी आहे, तर मी त्याच्याबरोबर तुरुंगातसुद्धा हसत जाईन. एवढंच बघायचंय मला.”

ठरल्याप्रमाणे फौजदाराकडे जायला गुरुवारच्या बोटीनं या. मी धक्क्यावर असेन, त्याच पांढऱ्या सदऱ्यात. मला तुमच्यासाठी वाईट वाटतं असं नाही. मला मिकालचं तोंड उतरलेलं बघायचंय, आणि तुम्हाला ते खुललेलं बघायचंय. रस्ता एकच आहे, तोवर बरोबर जाऊ.

एलिंग


इन्नेस, २४ एप्रिल

मिकाल,

हे पत्र तुलाच फोडावं लागेल. आता तुझ्यासाठी पत्रं फोडणारं घरात कुणी नाही.

परवा रेडिओवर सांगितलं, कलम गेलं. मी इन्नेसच्या धक्क्यावर होतो. पोरांनी टाळ्या वाजवल्या. गुन्वोर म्हणाली, “चला, आता मीही एखादा म्हातारा ठेवते.” मी टाळ्या वाजवल्या नाहीत. माझं काम आधीच झालं होतं, आणि तुझ्या तोंडून झालं होतं.

तुझ्या घरात काय घडलं ते मला सेवेरिनेनं सांगितलं, बोटीतून उतरल्यावर, बॅगेवर बसून. तू वेगळं सांगत असशील म्हणून मी लिहून ठेवतो. तिच्यापुढं उभा राहून खोडून दाखव.

ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यातला बुधवार होता. तू शुक्रवारच्या भाषणाची तयारी करत होतास. पोरगा फौजदार आला, टोपी काढून, शरमेनं लाल. तिनं स्वतः जबाब दिला होता म्हणून त्याला यावंच लागलं. तो आठवडाभर टाळत होता. त्यानं कागद वाचला. ‘मिकाल आणि सेवेरिने’. सेवेरिने शेगडीपाशी उभी होती. तिनं एप्रन काढून ठेवला होता. केस विंचरले होते. मिकाल, तिनं तुझ्या फौजदारासाठी केस विंचरले होते, आणि तुला कळलं नाही का ते?

“मिकालकाका,” पोरगा म्हणाला, “मला नुसतं विचारायचंय. ही बाई तुमच्याबरोबर बायकोसारखी राहते का?”

तू म्हणालास, “ती घरकाम करते.”

“तसं नाही, काका. तुमची कोण?”

“मोलकरीण आहे. पगार घेते.”

पोरगा भला. त्यानं कागद खाली ठेवला आणि तुला वाट करून दिली. म्हणाला, “हे बघा, हा कायदा महिन्याभरात जाणार. तुम्ही खरं सांगितलंत तरी मी नुसती ताकीद देऊन जाईन, पुढं काही होणार नाही, तुम्हाला शब्द देतो. फक्त सांगा, ही तुमची आहे की नाही?”

आणि तू शास्त्रावर हात ठेवलास. त्यानं मागितला नव्हता. तू आपण होऊन ठेवलास, आणि म्हणालास, “या बाईशी माझा काही संबंध नाही.”

तिसऱ्यांदा. तू आयुष्यभर पेत्राच्या त्या गोष्टीवर भाषणं दिलीस. दर ईस्टरला, डोळे पुसत. अंगणात शेकोटीपाशी तो तीनदा ‘मी प्रभूला ओळखत नाही’ म्हणतो आणि कोंबडा आरवतो. तुझ्या अंगणात कोंबडा नव्हता. पण चारची बोट वळणावर आली होती, आणि सेवेरिने सांगते, नेमका तेव्हाच तिचा भोंगा वाजला.

तिनं बॅग आधीच भरून ठेवली होती. तुरुंगासाठी भरली होती, मिकाल. लोकरीचे मोजे घातले होते त्यात. तुझेसुद्धा.

ती बोटीत बसली आणि तू खिडकीत उभा होतास. मी ह्या काठावरून बघत होतो. लांबून तुझं तोंड दिसत नव्हतं. एवढंच एक दुःख राहिलं.

आता ऐक, कारण यापुढं मी लिहिणार नाही. तू म्हणायचास, आज्ञेला कुंपण नको का? मी चाळीस वर्षं त्याचं उत्तर शोधलं. तूच ते तीन वाक्यांत दिलंस. पाप असेल, नसेल, देव बघेल. पण पापाच्या दारात फौजदार उभा केलास की माणूस पाप सोडत नाही. तो माणसाला सोडतो. मला शिक्षा झाली तेव्हा मी मालेनेला नाकारलं नाही. कोर्टात विचारलं तेव्हा म्हटलं, ही माझी. तुला तर शिक्षाही नव्हती. तुला नुसतं विचारलं होतं.

गेल्या आठवड्यात उशिराचा बर्फ पडला, बघितलास ना. सकाळी मी खिडकीशी गेलो. तुझ्या छपरावर दोन्ही बाजू पांढऱ्या. दुपारपर्यंत पांढऱ्या. संध्याकाळीही. शेगडी पेटवत नाहीस का? की दुसऱ्या खोलीत जाऊन झोपतोस? मला वाटलं होतं ते बघून मला फार आनंद होईल. झाला. खोटं कशाला बोलू. पण टिकला नाही. मासा हातातून सुटावा तसा कॉफी संपायच्या आत गेला.

पाचवीतली ती ओळ तुला आठवते का रे? तू अडकला होतास आणि मी मागून पुटपुटलो होतो. फौजदारानं तुला त्याच कवितेतलं विचारलं होतं, ती कोण आणि तू कोण. यावेळी मागच्या बाकावर कुणी नव्हतं, म्हणून तू चुकीचं बोललास. मी पुन्हा पुटपुटणार नाही. उत्तर तुला येतं.

सेवेरिने कुठं आहे ते मला माहीत आहे. हाउगेसुंदला नाही, बहिणीकडेही नाही. तिथं शोधून आलास हे मला कळलंय. पाद्र्याला विचारलंस, तेही कळलंय. तिनं मला पत्ता दिलाय, आणि तो कुणाला कसा सांगायचा तेही सांगितलंय.

तर असं कर. शनिवारच्या दुपारच्या बोटीनं ये. शनिवारी धक्क्यावर सगळे असतात, टोमास, गुन्वोर, दूधवाले, बाजारपेठेवर भांडणारे. मी दारातच बसलेला असेन. दार उघडं आहे, ते कधी बंद नव्हतं. उतर, सगळ्यांच्या मधून चालत ये, आणि माझ्यापुढं उभा राहून मोठ्यानं विचार. पाहुण्या पाद्र्यापुढं शेवटची ओळ म्हणालास तेवढ्या मोठ्यानं. विचार, “एलिंग, माझी बायको कुठं आहे?”

मी लगेच सांगेन. बोटीचं तिकीटसुद्धा काढून देईन.

पण दुसरा कुठलाही शब्द वापरलास, तर आल्या बोटीनं परत जा, दादा. मोलकरणीचा पत्ता मी ठेवत नाही.

एलिंग